मागचा शहाणा

पिस्तूल सुटतं आणि काहीच होत नाही.

म्हणजे आवाज होतो, थोडा धूर होतो. पण ज्यांच्यासाठी पिस्तूल झाडलं ते दोघे, जगातले सर्वांत वेगवान सायकलस्वार म्हणून ज्यांचा गाजावाजा चाललाय ते, इतक्या निवांतपणे निघतात की सुरुवातीला त्यांच्या सायकली धरून उभे असलेले मदतनीस चालत त्यांच्या पुढे जाऊ शकतील. साल 1900 ते 1914 मधलं कोणतंही धरा. गाव पॅरिस धरा, बर्लिन धरा, कोपनहेगन, रोम, अँटवर्प, काहीही चालेल. गॅलऱ्या भरल्यात, बँड थांबलाय, पंच घड्याळं सरसावून बसलेत, आणि जगज्जेतेपदाची अंतिम शर्यत बैलगाडीलाही लाज वाटेल अशा वेगानं पहिल्या वळणाकडे सरकतेय.

या दोघांतला जो मागे आहे ना, तो आपला गृहस्थ. पुढच्याला आपण इथेच सोडून देऊ. तो पुढे आहे याचा अर्थच असा, की त्याचं आज काही खरं नाही.

ट्रॅकवरच्या स्प्रिंटरकडे पाहिलं की नजर आधी मांड्यांकडे जाते. मांड्या असतातच, त्याला इलाज नाही. पण या माणसाची खरी कमाई म्हणजे मान. ती तो पुढे जाता जाता मागे वळवू शकतो, डावीकडून, उजवीकडून आणि निकड पडली तर काखेखालून. आयुष्यभर पुढे जाताना मागे पाहत राहिल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर एक कायमचा संशय येऊन बसलेला असतो. सावकाराच्या कारकुनालाही तो जमणार नाही. मागे कोणी नसेल तर त्याला बरं वाटतं. मागे कोणी असेल तर तो शिष्टाचाराने बाजूला होतो, वेग आणखी कमी करतो आणि हातानं नव्हे पण सगळ्या देहानं सुचवतो: आधी तुम्ही.

या नम्रतेचं कारण हवा. पन्नास-साठच्या वेगानं जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा फाडण्यात खर्च होते. त्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक जवळजवळ टेकवून जो येतो, त्याला ती हवा आयती फाडून मिळते आणि पाव ते एक तृतीयांश ताकद शिल्लक राहते. पुढचा हमाली करतो, मागचा व्याज खातो. शिवाय मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे आपल्या पूर्वजांनी रस्त्यावरच्या दगडांवरून काढलेलं अनुमान व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकलशर्यतीच्या ट्रॅकवर, वाऱ्याच्या हिशेबानंही बरोबर येतं.

त्यात ट्रॅकची रचना अशी, की वळणावर तो कलत कलत जवळजवळ भिंतच होतो. त्या भिंतीवर उंच चढून बसलेल्याला खाली झेपावताना उताराचा वेग फुकट मिळतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे या शर्यतीत वेळेला किंमत नाही. अंतर एक हजार मीटर असो, दोन हजार असो, पूर्वी मैलाचंही असे. घड्याळ लावलं तर ते शेवटच्या दोनशे मीटरांना. बाकीच्या वेळात तुम्ही काय केलंत हे कोणी विचारत नाही. शेवटी रेषा आधी ओलांडायची, एवढंच. तेव्हा आधी पोचायचं असेल तर आधी निघू नये, या निष्कर्षावर कोणताही विचारी माणूस येणारच. आपला गृहस्थ विचारी आहे. ट्रॅकवरून उतरल्यावरही तो तसाच राहतो. कॅफेच्या दारात तो बाजूला उभा राहून दुसऱ्याला वाट देतो आणि वेटर त्याला सभ्य समजतात. मानधनाचा आकडा तो कधीही स्वतःहून सांगत नाही. व्हेलोड्रोमचा व्यवस्थापकही याच धंद्यात मुरलेला, तोही सांगत नाही. दोघे हवेबद्दल बोलत बसतात. हे सगळं मी अंदाजानं लिहितोय हे कबूल, पण वीस वर्षं रोज दुपारी ज्यानं दुसऱ्याला पुढे घातलं, तो माणूस संध्याकाळी अचानक उमदा होईल असं मला वाटत नाही.

आता तो प्रसंग, ज्यासाठी लोक पैसे देऊन येतात आणि ज्याच्यावर पैसे देऊन चिडतात. दोघांपैकी कोणीच पुढे जायला तयार नाही. वेग उतरत उतरत शून्यावर येतो. दोन्ही सायकली वळणाच्या उतारावर उभ्या राहतात. अक्षरशः उभ्या. फ्रेंच लोक याला 'सूरप्लास' म्हणतात आणि असं म्हणताना खांदे उडवतात.

हे दिसतं तेवढं सोपं नाही. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो. फ्रीव्हीलही नसतं, मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल थांबलं की चाक थांबणार. पुढचं चाक चढाच्या बाजूला वळवायचं, पायडलवर किंचित दाब द्यायचा, किंचित सोडायचा, सायकल बोटभर पुढे, बोटभर मागे. पाय टेकला तर गेलात. मांड्या थरथरायला लागतात, घाम डोळ्यांत उतरतो आणि चेहरा मात्र असा ठेवायचा की मला कुठे घाई आहे. लग्नाच्या बैठकीची आठवण यावी असा हा देखावा असतो: पोहे झाले, चहा झाला, पावसापाण्याचं झालं, मुलीचं भरतकाम पाहून झालं, दोन्हीकडचे मामा तक्क्याला टेकून छताकडे पाहतायत आणि देण्याघेण्याचा विषय जो आधी काढेल तो मेला हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

गॅलरीत मात्र मामा नसतात. तिथे शिट्ट्या सुरू होतात. पॅरिसचा प्रेक्षक शिट्टी वाजवण्यात तरबेज. त्याला ही शर्यत कळते, ही खेळी किती अवघड आहे हेही कळतं, आणि तरीही तो शिट्टी वाजवतो, कारण तिकीट काढलंय. पॅरिसच्या 'बफेलो' व्हेलोड्रोमचा कारभार 1890च्या दशकात काही काळ त्रिस्तां बेर्नार या माणसाकडे होता. हा पुढे विनोदी नाटककार म्हणून गाजला. मला यात योगायोग दिसत नाही. रोज दुपारी तगडे पुरुष जीव तोडून जागच्या जागी उभे राहताना ज्यानं पाहिले, त्याला पुढे फार्स लिहिण्यावाचून पर्याय काय होता? शेवटच्या फेरीला घंटा वाजवण्याची पद्धत त्यानंच सुरू केली असं सांगतात. खरं असेल तर मोठं काम केलं. प्रेक्षकांना जागं करायला काहीतरी हवंच होतं.

कारण घंटा झाली की आपला गृहस्थ दुसराच कोणीतरी होतो. इतका वेळ ज्याला घाई नव्हती, तो भिंतीवरून खाली कोसळतो. पाठ सपाट, डोकं हँडलच्या पातळीवर, कोपरं बाहेर. कोपरं बाहेर काढण्याचं कारण हवा नसून शेजारी असतो. शेवटचे दोनशे मीटर बाराएक सेकंदांत संपतात, रेषेवर दोन चाकांत कधी हातभर अंतर, कधी बोटभर. दहा मिनिटं सभ्यतेची, बारा सेकंद गुंडगिरीची. जगज्जेतेपद मिळतं ते या बारा सेकंदांचं, पण कमावलेलं असतं त्या दहा मिनिटांत, यावर सगळे जाणकार हटून बसतात.

या जातीचा नमुना पाहायचा तर एदमों जाकलां हा फ्रेंच गडी पाहावा. 1900 साली तो जगज्जेता झाला. मागे रेंगाळायचं, लक्षच नाही असं दाखवायचं आणि मग एका उडीत दोन सायकलींचं अंतर काढायचं, ही त्याची खासियत. पुढच्या वर्षी अमेरिकेहून मेजर टेलर आला. हा 1899 साली माँट्रियलला जगज्जेता झालेला कृष्णवर्णीय सायकलपटू, घट्ट बाप्टिस्ट, रविवारी शर्यत करणार नाही म्हणजे नाही. युरोपात तर मोठ्या शर्यती रविवारीच व्हायच्या. संयोजकांनी कॅलेंडर धुंडाळलं. 16 मे 1901 हा गुरुवार निघाला, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा, म्हणजे सुट्टीचा. देवाच्या नावानं नकार, देवाच्याच नावानं सोय. 'पार्क दे प्रँस' ट्रॅक भरला. दिवस गारठ्याचा होता, टेलरला थंडी मानवत नसे. जाकलां सरळ दोन फेऱ्यांत जिंकला आणि रेषा ओलांडल्यावर त्यानं नाकाला अंगठा लावून बोटं नाचवली. दहा मिनिटांची सभ्यता कुठेतरी फुटायचीच. टेलर हे विसरला नाही. 27 मेला, तोही सणाचा सोमवार, परतीचा सामना झाला आणि टेलरनं दोन्ही फेऱ्या घेतल्या.

पण टेलरला मी आपल्या गृहस्थाच्या जातीत बसवत नाही. मायदेशात गोरे स्पर्धक त्याच्याविरुद्ध टोळी करत, चहूबाजूंनी कोंडत, ढकलत. मागे राहणं ही इतरांसाठी चतुराई होती, त्याच्यासाठी तो सापळा होता. म्हणून तो बऱ्याचदा पुढून पळायला शिकला. 1904च्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये इव्हर लॉसन या अमेरिकन स्पर्धकाच्या धसमुसळेपणानं टेलर जबर आपटला. लॉसनवर बंदी आली, ती मग कमी झाली आणि त्याच वर्षी लंडनला लॉसन जगज्जेता झाला. मागून येणारे सगळेच शहाणे असतात असं नाही, काही नुसतेच मागून येणारे असतात.

बाकी ही 'आधी तुम्ही'ची कला फक्त स्वारांपुरती नव्हती, संघटनांनीही ती चांगली आत्मसात केली होती. पहिली आंतरराष्ट्रीय संघटना 1892 सालची, तिच्यात ब्रिटिशांचा वरचष्मा. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स यांना वेगवेगळं धरायचं की एक, यावर वाद. साहेबाला चार खुर्च्या हव्या होत्या, बाकीच्यांना त्या मोजता येत होत्या. शेवटी 14 एप्रिल 1900 रोजी फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड आणि अमेरिका यांनी पॅरिसमध्ये वेगळी चूल मांडली, तीच आजची 'यूसीआय'. ब्रिटिश बाहेर. तीन वर्षं दोन्ही बाजू कलत्या भिंतीवर उभ्या राहून एकमेकांकडे पाहत राहिल्या. 1903 मध्ये ब्रिटिश आत आले आणि पुढच्याच वर्षीची स्पर्धा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला. मागून येऊन यजमानपद. या खेळात हे नियमाला धरूनच झालं.

आपल्या गृहस्थाचे दोन थोर अवतार सांगितले पाहिजेत. एक डेन्मार्कचा थॉर्वाल्ड एलेगार. 1901, 1902, 1903, मग 1906, 1908 आणि 1911 असा सहा वेळा व्यावसायिकांचा जगज्जेता. त्यातला एक विजय घरच्या कोपनहेगनमध्ये. दहा वर्षांच्या अंतरानं दोन जगज्जेतेपदं मिळवणारा माणूस घाईचा असूच शकत नाही. तो शर्यतींतून निवृत्त झाला 1926 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तोवर त्याच्याबरोबरचे सगळे पुढे निघून गेले होते, काही तर या जगातूनच. एलेगार मागे. शहाणा.

दुसरा अमेरिकेचा फ्रँक क्रेमर. 1901 ते 1916, सलग सोळा वर्षं हा अमेरिकेचा व्यावसायिक विजेता. वक्तशीर, मितभाषी, रात्री लवकर झोपणारा. आजूबाजूच्या मंडळींची जागरणं पाहता ते त्या काळात बातमी होण्याजोगं होतं. तो युरोपात जाऊन मोठमोठ्या शर्यती जिंकून आला, पण जगज्जेतेपद मात्र तोवर त्याच्या नावावर नव्हतं. क्रेमरनं काय करावं? वाट पाहिली. 1912 साली जागतिक स्पर्धाच उठून न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला आली, त्याच्या घरच्या ट्रॅकवर. तिथे तो जिंकला. जगाला आपल्या पुढे घालून शेवटच्या वळणावर गाठण्याचा याहून मोठा नमुना मला ठाऊक नाही.

आपल्या गृहस्थाचा एक चुलतभाऊ होता, त्याचं नाव स्टेयर. तोही मागेच राहायचा, पण मोटारसायकलच्या. जागतिक स्पर्धेत त्याची शर्यत शंभर किलोमीटरांची. समोर एक अजस्र मोटारसायकल, तिच्या मागच्या टोकाला ताठ उभा एक चालक आणि त्याच्या पाठीच्या आडोशाला आपला भाऊ. या चालकाच्या धंद्यात सुटलेलं पोट ही पात्रता होती. जितका माणूस रुंद, तितका वारा कमी. आधीच ऐसपैस असलेले हे पुरुष वर फुगीर कपडे चढवत, तेव्हा पुढे त्या कपड्यांवरही नियम करावे लागले. आडोसा किती कामाचा ते पाहा: 1909 साली म्युनिकला पॉल गिन्यार या फ्रेंच स्वारानं असल्या मोटारीमागे एका तासात 101.623 किलोमीटर कापले. पायडल मारून. मोटारीशिवायचा आंरी देग्रांजचा 1893चा तासाचा विक्रम 35.325 किलोमीटरांचा होता. पण या भावाबद्दल हसत फार वेळ बोलता येत नाही. टायर फुटायचे, माणसं मरायची. 18 जुलै 1909 ला बर्लिनच्या एका ट्रॅकवर अशी एक मोटारसायकल उडून गॅलरीत घुसली, पेटली आणि नऊ माणसं गेली. तेव्हा पुन्हा आपल्या सावकाश गृहस्थाकडे वळू. त्यानं कधी कोणाला मारलं नाही, फक्त कंटाळा आणला.

कंटाळा किती आणावा यालाही मर्यादा असते, ती 1908 साली लंडन ऑलिंपिकमध्ये ओलांडली गेली. ट्रॅक शेफर्ड्स बुशच्या नव्या स्टेडियममधला, 660 यार्डांचा. हजार मीटरच्या स्प्रिंटची अंतिम फेरी. तीन इंग्रज: बेंजामिन जोन्स, क्लॅरेन्स किंग्जबरी, व्हिक्टर जॉन्सन. एक फ्रेंच: मोरीस शिल. संयोजक इंग्रज, म्हणजे रेंगाळणं हा परदेशी रोग आहे असं मानणारे. त्यांनी आधीच अट घातली होती: शर्यत 1 मिनिट 45 सेकंदांत संपली पाहिजे, नाहीतर रद्द. म्हणजे ताशी चौतीस किलोमीटर. जगातल्या निवडक चौघांना हे अवघड जाऊ नये.

अवघड गेलंच नाही; त्यांनी ते मनावर घेतलं नाही. किंग्जबरी आणि जॉन्सन यांची चाकं पंक्चर झाली. उरले जोन्स आणि शिल, एक इंग्रज आणि एक फ्रेंच. इतिहासाला विचारलं तर तोही सांगेल की हे दोघे एकमेकांना पुढे जाऊ देण्याबद्दल प्रसिद्ध नाहीत, पण ट्रॅकवर गाठ पडली तेव्हा दोघांनाही औदार्याचा उमाळा आला. आधी तुम्ही. छे, आधी तुम्ही. शेवटी रेषेजवळ दोघे उसळले, शिल काही इंचांनी पुढे निघाला आणि पंचांनी घड्याळ पाहिलं. मर्यादा केव्हाच उलटून गेली होती. शर्यत रद्द. पदकं नाहीत, फेरशर्यत नाही. ऑलिंपिकच्या यादीत त्या प्रकारापुढे त्या वर्षी कोणाचंही नाव नाही. फ्रेंच चिडले, आणि त्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती, कारण पहिला आलेला माणूस तर डोळ्यांसमोर होता. इंग्रज म्हणाले नियम म्हणजे नियम. जो हरला होता तो त्यांचाच होता, हे त्यांना नियम वाचताना आडवं आलं नाही. माझं मत विचाराल तर निकाल योग्य होता. दोघांनाही एकमेकांच्या मागे राहायचं होतं, आणि दोघेही मागे राहिले.

शिक्षा दोघांनाही फारशी लागली नाही. शिलनं त्याच ऑलिंपिकमध्ये डबलसीट सायकलीच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं. तिथे पुढे कोण हा प्रश्न बसतानाच सुटलेला असतो.

आपला गृहस्थ त्यानंतर सुधारला असं समजू नका. 1968 साली इटलीत वारेसे इथे राष्ट्रीय स्पर्धेत जोव्हान्नी पेत्तेनेल्ला आणि जोर्दानो तुर्रिनी हे दोघे एक तास तीन मिनिटं उभे राहिले. मग नियमवाल्यांनी कंबर कसली. आता तीस सेकंदांपलीकडे उभं राहता येत नाही, आणि तेही फार तर दोनदा. कायद्यानं पळायला लावलेला माणूस पूर्वीच्या तोऱ्यात मागे वळून पाहत नाही.

त्याच्या कितीतरी आधी पहिल्या महायुद्धानं मात्र या मंडळींची फार पांगापांग केली होती. 1914ची स्पर्धा कोपनहेगनला पार पडू शकली नाही. एमिल फ्रिओल, 1907 आणि 1910चा जगज्जेता, 1916 मध्ये लष्करी सेवेत मोटारसायकलच्या अपघातात गेला. 1905चा जगज्जेता गाब्रिएल पूलां वाचला, आणि वाचलेल्या माणसाला सुचू नये असं काहीतरी त्याला सुचलं. त्यानं सायकलला पंख लावले. पूझो कंपनीनं बक्षीस ठेवलं होतं दहा हजार फ्रँकांचं: इंजिनाशिवाय, फक्त पायांच्या जोरावर, दहा मीटर हवेतून जाऊन दाखवा. 9 जुलै 1921 रोजी पहाटे पॅरिसजवळच्या लाँशां इथल्या रेसकोर्सवर पूलां आला, पायडल मारत सुटला आणि उडाला. दहा मीटरांहून थोडा जास्तच. बक्षिसाच्या अटीत एक कलम होतं, की हे उड्डाण दोन्ही दिशांनी करून दाखवायचं, म्हणजे वाऱ्याचा फायदा घेतला असं कोणी म्हणू नये. पूलांनं सायकल वळवली आणि ते त्यानं दुसऱ्या बाजूनंही करून दाखवलं. पुढे कोणी नसताना.